मारबतीवर अर्ध्या तासाचा भाग: स्थानिक वाहिनीसाठी नागपूरचा इतिहास कसा टिपावा

अर्ध्या तासात ‘नागपूरचा इतिहास’ मावत नाही. बख्त बुलंद शाहापासून सुरुवात केली की भोसले येईपर्यंत पहिला ब्रेक येतो, सीताबर्डीची लढाई दोन वाक्यांत उरकावी लागते आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी श्रेयनामावलीच्या तोंडावर कशीबशी दाखवली जाते. बघणाऱ्याच्या हाती शाळेच्या पुस्तकापलीकडे काही लागत नाही. स्थानिक वाहिनीचा प्रेक्षक त्याच गल्लीत राहतो, त्याला तो चौक पाठ असतो. आपल्या चौकाबद्दल आपल्याला माहीत नसलेलं काही सांगितलं तरच तो रिमोट बाजूला ठेवतो. म्हणून विषय एका चौकाएवढा घ्यावा आणि त्याला एकच प्रश्न विचारावा.

असे विषय शहरात पावलोपावली आहेत. १९२३ चा झेंडा सत्याग्रह, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली एम्प्रेस मिल, जुम्मा दरवाजाचा गांधी गेट कसा झाला, भुलाबाईची गाणी आता कोणाकोणाला येतात, यातल्या प्रत्येकावर एक भाग होतो. इथे उदाहरणाला मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन शेवटी जाळला जाणारा भव्य पुतळा, घेतली आहे, कारण जी जी अडचण येऊ शकते ती तिच्यात येते: गर्दी, पाऊस, कर्णकर्कश आवाज, वादाचा इतिहास आणि एकदाच मिळणारी संधी. मारबतीचा भाग नीट जमला की बाकीचे जमतात. प्रश्न असा ठेवू: काळी आणि पिवळी अशा दोन मारबती का, आणि त्या घडवतं कोण?

पोळा श्रावण अमावास्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि त्याच दिवशी मारबत निघते. काम निदान सहा आठवडे आधी सुरू करा. मिरवणुकीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पोचणाऱ्याला फक्त मिरवणूक मिळते. खरा भाग त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत घडतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा राहतो, त्यावर कागद-कापड चढतं, रंग लागतो आणि शेवटी दागिने येतात. कारागिराकडे चार वेळा जा: सांगाडा, कागद, रंग, शृंगार. प्रत्येक वेळी कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर लावा. जमिनीवर खडूने खूण करून ठेवा आणि स्टँडची उंची वहीत लिहा. मग संकलनात सांगाड्याची मारबत होताना एका जागेवरून दिसते. एवढं एक दृश्य हाती आलं तर निवेदनाची दोन पानं वाचतात.

कागदपत्रं आणि तारखा

मिरवणुकीबद्दल मंडळं सांगतात ती वर्षं अशी: काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातली बांकाबाई, ही समजूत सगळ्या नागपूरला माहीत आहे. ती ‘लोक असं सांगतात’ म्हणूनच द्या, निवेदकाच्या तोंडी निर्णय म्हणून देऊ नका. बांकाबाई ही इतिहासातली खरी व्यक्ती आहे. तिच्या काळातली कागदपत्रं हा एक पुरावा आणि शंभरावर वर्षं चालत आलेली प्रथा हा दुसरा. दोन्ही दाखवावेत, पण एकाला दुसऱ्याच्या जागी उभं करू नये. यासाठी साधी युक्ती आहे. लोकसमजूत नेहमी माणसाच्या तोंडून, बाइटमध्ये (मुलाखतीच्या तुकड्यात) येऊ द्या. कागदपत्रातली गोष्ट व्हीओमध्ये, म्हणजे चित्रावरच्या निवेदनात घ्या आणि त्या वेळी पडद्यावर तो कागद दाखवा. तीन-चार मिनिटांत प्रेक्षकाला हा फरक न सांगता कळू लागतो.

तारखांचा घोळ सगळ्यात जास्त ॲस्टनमध्ये होतो, म्हणजे खालच्या नावपट्टीत. नागपूरचं राज्य खालसा झालं ते १८५३ ला की १८५४ ला? दोन्ही वर्षं छापलेली सापडतात. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले डिसेंबर १८५३ मध्ये आणि राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं मार्च १८५४ मध्ये. म्हणून पट्टीवर नुसतं वर्ष टाकू नका, कशाचं वर्ष तेही लिहा. जुन्या कागदावर शक असेल तर चैत्रापासून साधारण मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवा, पुढच्या महिन्यांना ७९ लागतात. फसली सन (महसुलाच्या हिशेबाचं वर्ष) दिसला तर स्वतः हिशेब करू नका. दख्खनी फसली आणि उत्तरेतली फसली वेगळ्या चालतात, जाणकाराकडून करून घ्या. भोसलेकालीन कागद मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्याला कागदाचा नुसता फोटो पाठवून भागत नाही, अख्ख्या कागदाचा एक आणि प्रत्येक चार-पाच ओळींचा एकेक असे फोटो लागतात.

विदर्भ संशोधन मंडळ, मध्यवर्ती संग्रहालय (आपला अजब बंगला, १८६३ चा), विद्यापीठाचं ग्रंथालय आणि सीताबर्डीवरची जुनी वाचनालयं ही शोधाची पहिली ठिकाणं. जाताना प्रश्न लिहून न्या. ‘मारबतीबद्दल काही आहे का’ असं विचारलं की ‘नाही’ असं उत्तर मिळतं. ‘१८८० ते १९०० मधली नागपूरची वर्तमानपत्रं किंवा जिल्ह्याचं गॅझेटिअर बघायचंय’ म्हटलं की कपाट उघडतं.

शहराबद्दलच्या पाठ झालेल्या वाक्यांवर मात्र करडी नजर ठेवा. झिरो माइल घ्या. तो दगड १९०७ चा, ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे उंची आणि अंतराच्या मोजणीची खूण. निवेदनात ‘भारताचा मध्यबिंदू’ म्हणून पुढे जाण्यापेक्षा दगडावरची गावांची नावं आणि मैल जवळून दाखवा. ते जास्त रंजक आहे आणि खरंही आहे. सीताबर्डीच्या लढाईचंही तसंच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची ही लढाई नकाशाशिवाय कोणालाच कळत नाही, कारण ती दोन टेकड्यांची लढाई आहे. भोसल्यांच्या बाजूच्या अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि मोठीवर मारा सुरू केला तेव्हा इंग्रजांची बाजू जवळजवळ गेली होती. कागदावर दोन वर्तुळं काढून त्यांवर बोट फिरवलं तरी प्रेक्षक समजतो. तलवारींच्या खणखणाटाचं विकत घेतलेलं फुटेज घालून मात्र काहीच समजत नाही.

मुलाखत

मुलाखत आवाजावर तरते. चित्र थोडं डावं असलं तर चालतं, आवाज गेला की बाइट गेला. नागपुरात आवाजाचा पहिला शत्रू कूलर. मुलाखत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ठेवा, म्हणजे कूलर-पंखा बंद करायला घरचे कुरकुरत नाहीत. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत सुरू करायचं विसरून निघता येणार नाही. कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली, आणि बाईंच्या मंगळसूत्राला किंवा काकांच्या खिशातल्या पेनाला लागत नाही ना हे बघून लावा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या. बोलणं संपलं की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. ती नसेल तर संकलनात प्रत्येक कापलेल्या जागी खड्डा ऐकू येतो.

प्रश्न असा विचारा की ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही. ‘तुम्ही लहानपणापासून मारबत पाहता ना?’ यावर काय मिळणार? ‘तुमच्या लहानपणी मारबत कुठल्या रस्त्यानं जायची, आणि तुम्ही कुठे उभे राहायचे?’ असं विचारा. जागेची आठवण आली की माणसं, वास, गाणी सगळं मागोमाग येतं. उत्तर संपल्यावर चार सेकंद बोलू नका. चांगलं वाक्य बहुतेक वेळा त्या चार सेकंदांत येतं. उत्तरात प्रश्नही यायला हवा, कारण तुमचा आवाज कापला जाणार आहे. तेवढं आधी समजावून सांगा.

आणि बोली दुरुस्त करू नका. आजी ‘मारबत येऊन राहिली’ म्हणाली तर पट्टीवरही तेच लिहा. ‘काहून’चं ‘का’ करू नका. कॅमेरा सुरू होताच लोक आपोआप पुस्तकी बोलू लागतात आणि सगळी गोडी जाते. त्यावर उपाय एकच, तुम्हीही त्यांच्याशी तसंच बोला. या शहराची भाषा या शहराच्या वाहिनीवर ऐकू येणार नाही तर कुठे येणार? पिवळ्या मारबतीमागे तऱ्हाणे तेली समाजाची परंपरा आहे. त्या घरांमधल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याला आज कागदपत्राइतकीच किंमत आहे.

संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानाचं आणि मोठ्या अक्षरात करा. नाव, तारीख, वाहिनीवर आणि इंटरनेटवर दाखवण्याची परवानगी, घरातले फोटो वापरण्याची परवानगी, सही. फोटोंचा मुद्दा वेगळा लिहून घ्या, कारण पुढे भांडणं त्यावरूनच होतात.

जुने फोटो मोबाइलवर टिपून नेऊ नका. सहा बाय नऊ सेंटीमीटरचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की लांब बाजूला साधारण २१०० पिक्सेल मिळतात, एचडी चौकटीला जेमतेम पुरे. त्यावर झूम करायचा असेल तर १२०० डीपीआय घ्या. काचेच्या चौकटीतला फोटो बाहेर निघत नसेल तर खिडकी बाजूला येईल असा ठेवा आणि समोर काळा कपडा धरून त्यामागून टिपा, काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. लग्नाच्या किंवा मंडळाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी मिळाल्या तर लगेच प्लेअरमध्ये घालू नका. खिडकीतून रिळाकडे बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. प्लेअरचं हेड खराब होतं आणि ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

मिरवणुकीचा दिवस

तीन कॅमेरे असले तर उत्तम, दोनांत भागतं. एक उंचावर: इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ, जिथे काळी-पिवळीची भेट होते, तिथल्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी आठ दिवस आधी ठरवून ठेवा. दुसरा रस्त्यावर, मारबतीबरोबर चालणारा. उंचावरच्या माणसाने जागा सोडायची नाही, काहीही झालं तरी. भेट एकदाच होते. ड्रोनवर भिस्त ठेवू नका. शहरात विमानतळ आहे, सीताबर्डी किल्ला लष्कराकडे आहे, आणि गर्दीवर उडवायची परवानगी सहजी मिळत नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि पोलिसांचे त्या दिवसाचे आदेश पाहिल्याशिवाय विषयच काढू नका.

आता एक्स्पोजर. इथे जवळजवळ प्रत्येक नवा कॅमेरामन फसतो. काळी मारबत चौकटीत आली की ऑटोवरच्या कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो. आकाश पांढरं फटक पडतं, खालच्या लोकांचे चेहरे उडतात आणि काळी मारबत राखाडी दिसते. पिवळीला उलटं. मोठा उजळ पिवळा पृष्ठभाग पाहून कॅमेरा उजेड कमी करतो, गर्दी काळवंडते. उन्हात तर पिवळा रंग आधीच फुटतो आणि तिच्या साडीवरची नक्षी सपाट होऊन जाते. म्हणून मॅन्युअल. शटर १/५०, आणि मारबतीकडे न बघता लोकांच्या चेहऱ्यांवर एक्स्पोजर लावा. झेब्रा (उजळ भागावर तिरप्या रेघा दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) ६० टक्क्यांवर ठेवून गालाच्या उजळ भागावर जेमतेम रेघा येतील असं बघा. पिवळीच्या वेळी अर्धा स्टॉप खाली या. ढग-ऊन असा खेळ चालू असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) फिरवायचा, शटर नाही. शटर वाढवला की चालणारी माणसं थरथरल्यासारखी दिसतात.

ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा लक्षात ठेवा. एसी गाडीतून कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते आणि ती पुसून जात नाही. अर्धा तास आधी बॅग उघडून बाहेरच्या हवेत ठेवा.

ताशे-ढोल आणि डीजे यांपुढे कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक फाटतो. वेगळा रेकॉर्डर घ्या, पातळी उणे २० वर ठेवा आणि दुसरा ट्रॅक आणखी १२ डेसिबल खाली. ‘ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गाडीपासून लांब, लहान गटाजवळ जाऊन वेगळी टिपा. दहा-बारा पोरांच्या तोंडची ती आरोळी तुमच्या भागाची सुरुवातही होऊ शकते. डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असताना घेतलेला आवाज शक्यतो वापरू नका. गाण्याचा हक्क दुसऱ्याचा असतो आणि इंटरनेटवर टाकताच दावा येतो. चित्र ते, आवाज ताशाचा, असं जोडायला त्याच ठिकाणचा ताशा पाच मिनिटं अखंड घेऊन ठेवा.

बडगे तर मिरवणुकीचा जीवच. महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यावर पुतळे असतात आणि त्यांवर फलक. काही फलकांवर जिवंत माणसांची नावं असतात. फलक रुंद चौकटीत दिसला तर ती मिरवणुकीची नोंद झाली. तोच आरोप निवेदकाने वाचून दाखवला तर तो वाहिनीचा आरोप होतो. केबल नियम १९९४ मधल्या कार्यक्रम संहितेत बदनामीकारक मजकुराला मनाई आहे.

बांधणी

जाहिरातींची मर्यादा तासाला १२ मिनिटं, त्यात वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती दोन मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासाच्या स्लॉटला २४ मिनिटं उरतात. वाहिन्या सहसा २२ ते २३ मागतात, नेमकी लांबी आणि ब्रेकच्या जागा लेखी घ्या. २२ मिनिटांत व्हीओ आठ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. मराठी निवेदन मिनिटाला ११० ते १२० शब्दांत नीट ऐकू येतं, म्हणजे सगळी संहिता सुमारे ९०० शब्दांची. पहिल्या कच्च्या लेखनात ती हमखास २००० होते. कापताना विशेषणं आधी काढा: ‘ऐतिहासिक’, ‘गौरवशाली’, ‘आगळीवेगळी’. चित्रात दिसतं ते वाक्य नंतर काढा.

पहिल्या ब्रेकपर्यंत कारागीर आणि सांगाडा, दुसऱ्यापर्यंत बांकाबाईची समजूत आणि कागद, शेवटी मिरवणूक, भेट आणि दहन. भेट आधी दाखवायचा मोह होतो. सुरुवातीला दहा सेकंद दाखवा, त्याहून जास्त नाही.

केबलवर स्थानिक वाहिनीला मिळणारा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणारी माहिती, तुटपुंजा असतो. गुलाल उधळलेली गर्दी आणि त्यात वेगाने फिरवलेला कॅमेरा, याचे घरच्या टीव्हीवर चौकोनी ठोकळे होतात. पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) हळू ठेवा, गर्दीचे शॉट स्थिर ठेवा आणि एकदा वाहिनीच्या सेट टॉप बॉक्सवर चाचणी बघा. संगणकाच्या पडद्यावर हे कधीच दिसत नाही. काही जुन्या बॉक्सवर चित्र चौकोनी कापलं जातं, दोन्ही बाजूंचे साडेबारा टक्के जातात. नावं त्या आत ठेवा. तळाशी वाहिनीचा टिकर, म्हणजे बातम्यांची सरकती पट्टी, धावतो, म्हणून ॲस्टन त्याच्या वर.

देवनागरी अक्षरं हा वेगळाच ताप आहे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दीक्षाभूमी’तला क्ष तुटतो, ‘सीताबर्डी’चा रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या पसंतींत जाऊन टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाईवर ठेवा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. तेही जमत नसेल तर पट्टी दुसरीकडे लिहून पारदर्शक पीएनजी करून आणा. शेवटी सगळ्या पट्ट्या संकलनाशी संबंध नसलेल्या एका माणसाला मोठ्याने वाचायला लावा. आडनाव चुकलं की त्या घरात तुमचा कार्यक्रम पुन्हा लागत नाही, आणि ते रास्तच आहे.

आवाजाची एकूण पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), शिखर उणे १ च्या आत. बोलण्याखालचं संगीत १५ ते १८ डेसिबल खाली. वाहिनीला फाइल २५ फ्रेमची द्या. मोबाइलने ३० फ्रेममध्ये काढलेले तुकडे मिसळले असतील तर ताशेवाल्यांचे हात अडखळत हलताना दिसतात. चित्रणाआधीच सगळे फोन २५ वर लावून घ्या.

रशेस

वाहिनीकडे दाखवलेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ठरावीक काळापुरतं राहतं. सहा आठवड्यांचं न कापलेलं चित्रण, म्हणजे रशेस, जपणं ही करणाऱ्याची जबाबदारी. २२ मिनिटांसाठी तुम्ही दहा-बारा तास टिपलेलं असतं. त्यात आजीचं दीड तासाचं बोलणं आहे आणि भागात आलेत त्यातले ५० सेकंद. उरलेलं पुसू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, तिसरी प्रत दुसऱ्या घरी. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, जागा, माणूस असं ठेवा आणि सोबत साध्या मजकुराची यादी: कोण बोललं, किती मिनिटाला काय सांगितलं, कुठला फोटो कोणाच्या घरचा.

एक प्रत कारागिराला, एक मंडळाला, आणि ज्या घरी मुलाखत घेतली तिथे त्यांची अख्खी, न कापलेली मुलाखत पेन ड्राइव्हवर द्या. पेन ड्राइव्हला चिठ्ठी चिकटवून त्यावर नाव आणि तारीख मराठीत लिहा. पुढच्या पोळ्याच्या आधी स्वतःकडच्या दोन्ही डिस्क संगणकाला लावून प्रत्येक फोल्डरमधली एक तरी फाइल शेवटपर्यंत चालवून बघा.